काचेच्या घरातलं कापड

दिवस पहिला : डर्बी

२०२३ च्या उन्हाळ्यात लेकीने मला फोनवर एक बातमी पाठवली होती. इंग्लंडमधल्या हार्डविक हॉल नावाच्या वाड्यातले तेरा भिंतपडदे दुरुस्त करायला २४ वर्षं लागली आणि शेवटचा पडदा आता परत भिंतीवर चढला, अशी. मी सोलापूरच्या शाळेत ३१ वर्षं शिवण आणि भरतकाम शिकवलं. एका पडद्याला दोन-दोन वर्षं म्हणजे काय प्रकारचं काम असेल, हे मला वाचताक्षणी कळलं आणि तेव्हापासून ते काम डोळ्यांनी बघायचं मनात होतं. यंदा सप्टेंबरात नॉटिंगहॅमला लेकीकडे आले, तिने चार दिवस रजा काढली आणि आम्ही रोज सकाळी डबा घेऊन निघायचं ठरवलं. हार्डविक, केडल्स्टन आणि काल्क, तिन्ही डर्बीशायरमध्ये, तासाभराच्या अंतरावर.

पहिला दिवस पावसाचाच होता. म्हणून वाडा न बघता तो बांधणाऱ्या बाईला आधी भेटलो. ती डर्बीच्या कॅथीड्रलमध्ये आहे. या चर्चचा मनोरा २१२ फूट उंच आणि सोळाव्या शतकातला; आतलं दालन मात्र जेम्स गिब्जने १७२५ मध्ये नव्याने बांधलेलं, पांढरं, उजेडाने भरलेलं. मधोमध रॉबर्ट बेकवेलने घडवलेली लोखंडी जाळी आहे. लोखंड इतकं वळवलेलं की लांबून क्रोशाची लेस वाटते.

दक्षिणेच्या बाजूला एलिझाबेथ टॅलबट, श्रूजबरीची काउंटेस, निजलेली आहे. सगळे तिला ‘बेस ऑफ हार्डविक’ म्हणतात. हात जोडलेले, डोक्यावर मुकुट, गळ्याभोवती चुणीदार कॉलर. ही समाधी तिने जिवंतपणीच करवून घेतली; तिचा आराखडा रॉबर्ट स्मिथसनचा, म्हणजे ज्याने तिचा वाडा बांधला त्याचाच. दगडातल्या त्या कॉलरच्या चुण्या मी मोजत बसले होते. लेक म्हणाली, “आई, तू इथेही परीक्षा घेतेयस.”

बेस १५२७ च्या सुमाराला हार्डविकमध्येच जन्मली. बाप लहानसा जमीनदार, ती तान्ही असतानाच वारला. पुढे तिची चार लग्नं झाली आणि प्रत्येक लग्नानंतर ती आणखी श्रीमंत झाली. दुसरा नवरा सर विल्यम कॅव्हेंडिश. त्याच्यापासूनच तिला मुलं झाली, त्याच्याबरोबर तिने पहिलं चॅट्सवर्थ बांधायला घेतलं. चौथा जॉर्ज टॅलबट, श्रूजबरीचा अर्ल, इंग्लंडमधल्या सर्वांत धनाढ्य सरदारांपैकी एक. राणी एलिझाबेथने स्कॉटलंडच्या मेरी राणीला कैदेत ठेवण्याचं काम १५६९ पासून पंधरा वर्षं याच अर्लवर सोपवलं होतं. त्या खर्चाने आणि संशयाने त्याचा संसार विस्कटला. बेस चॅट्सवर्थ सोडून माहेरच्या हार्डविकला आली, आणि पन्नाशी उलटून गेलेल्या त्या बाईने तिथे पुन्हा बांधकाम काढलं.

तिच्या समाधीखालच्या तळघरात कॅव्हेंडिश घराण्यातले अनेक जण आहेत. हायड्रोजन ओळखणारा शास्त्रज्ञ हेन्री कॅव्हेंडिशही तिचाच वंशज आणि तोही इथेच पुरलेला. हे वाचून लेकीला, ती रसायनशास्त्राची असल्यामुळे, माझ्यापेक्षा जास्त आनंद झाला.

दिवस दुसरा : हार्डविक

एम-वन हा मोठा रस्ता हार्डविकच्या टेकडीखालूनच जातो. गाडीतून आधी सहा बुरूज दिसतात, मग त्यांच्या मधली काच. सकाळचं ऊन पूर्वेकडून येत होतं, आणि आम्ही वळून पश्चिमेच्या दाराशी पोचेपर्यंत ढग आले, तरी ती काच करड्या आभाळाचा उजेडसुद्धा परत फेकत होती. ‘हार्डविक हॉल, मोअर ग्लास दॅन वॉल’, भिंतीपेक्षा काचच जास्त, अशी म्हण इथे आहे आणि तिच्यात अतिशयोक्ती अजिबात नाही.

मी लिहिताना ‘वाडा’ म्हणतेय खरी, पण आपला वाडा आतल्या चौकाकडे तोंड करून बसतो, बाहेरच्या भिंतीला जेमतेम झरोके. हार्डविक उलट आहे. ते टेकडीच्या माथ्यावर उभं राहून चारी बाजूंना बघतं आणि चारी बाजूंनी लोकांनी आपल्याकडे बघावं असं त्याला वाटतं. प्रत्येक बुरुजाच्या माथ्यावर दगडात कोरलेली, माणसापेक्षा उंच अक्षरं आहेत : ई आणि एस. एलिझाबेथ श्रूजबरी. वर मुकुट. आभाळ मागे असल्यामुळे ती भरतकामातल्या कटवर्कसारखी आरपार दिसतात.

१५९० च्या नोव्हेंबरात अर्ल वारला. त्याच्या आधी काही आठवडे या नव्या घराचा पाया खणायला सुरुवात झाली होती. तो वारल्यावर पैशाची अडचण उरली नाही. १५९७ च्या ऑक्टोबरात बेस इथे राहायला आली, तेव्हा ती सत्तरीची होती. दगड याच टेकडीच्या उतारावरच्या खाणीतला. लाकूड, शिसं, चुना तिच्याच जमिनीतला, काचेची भट्टीही तिचीच. त्या काळात काच इतकी महाग होती की खिडकी ही तिजोरी उघडून दाखवण्यासारखी गोष्ट होती. बेसने ती तिजोरी सहाही बुरुजांवर उघडून ठेवली.

स्मिथसन मुळात पाथरवट. नॉटिंगहॅममधला वोलटन हॉल त्याचाच. इथे त्याने जे केलं ते समजायला मला दोनदा घराभोवती फिरावं लागलं. एवढी काच असेल तर छताचा भार पेलणार कोण? त्याने धुराडी बाहेरच्या भिंतीत न ठेवता घराच्या मधल्या जाड भिंतीत घेतली. म्हणजे घराला कणा आतून मिळाला आणि बाहेरच्या भिंती खिडक्यांसाठी मोकळ्या झाल्या. काही खिडक्या खोट्याही आहेत. बाहेरून काच, आत भिंत. दोन्ही बाजू सारख्या दिसाव्यात म्हणून. आणि खिडक्यांची उंची वर जाताना वाढत जाते. तळमजला नोकरचाकरांचा, तिथे खिडक्या सर्वांत बुटक्या. मधला बेसच्या रोजच्या राहण्याचा. सर्वांत वरचा मानाचा, पाहुण्यांना आणि कधी आलीच तर राणीला दाखवायचा, तिथे खिडक्या सर्वांत उंच. राणी कधीच आली नाही.

दारातून आत गेलं की सरळ समोर मोठं दालन आहे. जुन्या इंग्लिश घरांत हे दालन आडवं असायचं, शिरायचं एका कोपऱ्यातून. इथे ते दाराच्या सरळ रेषेत घेतलंय आणि इंग्लंडमध्ये अशी मांडणी नवीन होती. तिथून दगडी जिना निघतो. त्या जिन्याबद्दल मी जास्त लिहू शकणार नाही, कारण मला तो चढताना फक्त पुढचं वळण दिसत होतं. तो रुंद आहे, पायऱ्या उथळ आहेत, उजेडातून अंधारात आणि पुन्हा उजेडात नेतो. दोन्ही बाजूंच्या भिंतींवर कापड.

आणि इथेच मी थांबले, कारण काचेच्या या घरात आत उजेड नाही. प्रत्येक मोठ्या खिडकीवर पांढरट पडदे अर्ध्याहून खाली ओढलेले होते. दालनात उभ्या असलेल्या स्वयंसेविका बाईंना मी विचारलं. पांढऱ्या केसांच्या, सत्तरीच्या आसपासच्या, गळ्यात चष्मा. म्हणाल्या, “कापडासाठी पन्नास लक्सपेक्षा जास्त उजेड आम्ही येऊ देत नाही.” पन्नास लक्स म्हणजे संध्याकाळी एका मंद दिव्याच्या खोलीत असतो तेवढा. उजेडाने रंग उडतो हे तर कुणालाही ठाऊक आहे. पण रंग उडण्याआधी रेशमाचा धागाच आतून ठिसूळ होतो आणि गेलेला धागा काही केल्या परत येत नाही. आमच्या शाळेच्या काचेच्या कपाटातलं भरतकाम खिडकीसमोर ठेवल्यामुळे असंच भुरकटलेलं मी स्वतः पाहिलंय आणि त्याचा दोष माझाच होता.

म्हणजे चारशे वर्षांपूर्वी एका बाईने सगळी संपत्ती उजेड आत आणायला खर्च केली, आणि आता तिच्याच घरात रोज सकाळी कुणीतरी तो उजेड मोजून बाहेर ठेवतं.

वरच्या मजल्यावरच्या मानाच्या दालनात युलिसिसच्या कथेचे ब्रुसेल्सचे भिंतपडदे आहेत. बेसने ते १५८७ मध्ये, म्हणजे या घराचा पाया पडण्याआधी घेतले होते. त्यांची उंची आणि भिंतीवरच्या गिलाव्याच्या पट्ट्याची सुरुवात अगदी टाक्याला टाका जुळते. आधी कापड आलं आणि मग त्याच्या मापाने खोली शिवली! त्यावरचा पट्टा गिलाव्यातून उठवून रंगवलेला : झाडांचं रान, हरणं, शिकार, आणि मधोमध वनदेवी डायाना आपल्या सख्यांसह. रंग आता पुसट झालेत, पण झाडांचे बुंधे अजून भिंतीतून पुढे येतात.

तिथून एक दार लाँग गॅलरीत उघडतं. ही गॅलरी घराच्या पूर्वेच्या पूर्ण लांबीभर जाते, दीडशे फुटांहून जास्त. पावसात चालायची जागा म्हणून बांधलेली. जमिनीवर गवताची विणलेली चटई, तिचा पावलांखाली होणारा आवाज आपल्या लव्हाळ्याच्या चटईसारखाच. एका बाजूला खिडक्या आणि दुसऱ्या बाजूला ज्यासाठी मी आले ते : गिडियनचे तेरा पडदे. जवळजवळ सहा मीटर उंच, आणि सगळे एकापुढे एक लावले तर सत्तर मीटरच्या वर. बायबलमधला गिडियन तीनशे माणसं घेऊन मोठ्या सैन्यावर रात्री चालून गेला. मशाली त्यांनी मडक्यांत लपवल्या होत्या. ती कथा आहे.

हे पडदे १५७८ चे, फ्लँडर्समध्ये विणलेले, राणीचे मंत्री सर क्रिस्टोफर हॅटन यांच्यासाठी. हॅटन कर्जात वारले आणि त्यांच्या वारसाकडून बेसने १५९२ मध्ये ते विकत घेतले. किंमत ३२६ पौंडांच्या वर. व्यवहारात तिने पाच पौंड सूट मागितली, कारण पडद्यांवर हॅटनची चिन्हं होती आणि ती झाकायचा खर्च आपल्याला येणार होता. मग तिने आपल्या चिन्हाचे रंगवलेले तुकडे त्यांवर शिवून घेतले. हॅटनच्या चिन्हात हरिणी होती; कॅव्हेंडिशांच्या चिन्हात शिंगाचं हरीण. तेव्हा हरिणीला शिंगं काढली! हे ऐकल्यावर मला ती बाई प्रत्यक्ष डोळ्यांसमोर दिसली. एवढं मोठं घर बांधताना पाच पौंड सोडायचे नाहीत.

स्वयंसेविका बाईंनी छोटी बॅटरी तिरकी धरून पडद्याची बाजू दाखवली, आणि मी जे शोधत होते ते सापडलं. हे पडदे मागावर उलट बाजूने आणि आडवे विणले जातात, म्हणजे चित्र विणकरासमोर आडवं पडलेलं असतं. बाणा आडवा, पण चित्रात तो उभा दिसतो. भिंतीवर टांगल्यावर पडद्याचा सगळा भार बाण्याच्या लोकरीवर येतो, ताण्यावर नाही. चारशे वर्षं ती लोकर ओढली जाते आणि रंग बदलतात त्या जागी फटी उसवतात. प्रत्येक रंगाचा धागा आपापल्या जागेत मागे-पुढे फिरवायचा, पूर्ण रुंदीभर नाही. पैठणीचा पदर असाच विणतात! मी इतक्या मोठ्याने “पैठणी” म्हणाले की गॅलरीतली दोन माणसं वळून बघायला लागली. मग बाईंना फोनवर पैठणीचा मोर उलट-सुलट दाखवला. त्यांनी चष्मा लावून तो बराच वेळ पाहिला.

दुरुस्ती कशी केली तेही त्यांनी सांगितलं. पडदा आधी बेल्जियममध्ये धुवायला पाठवायचा, मग नॉरफोकमध्ये नॅशनल ट्रस्टच्या, म्हणजे जुनी घरं जपणाऱ्या संस्थेच्या, कापड-दुरुस्तीच्या कार्यशाळेत आणायचा. तिथे मागे लिननच्या कापडाचं पूर्ण अस्तर लावून, झिजलेल्या जागी शेजारी-शेजारी समांतर धागे टाकून ते बारीक टाक्यांनी दाबायचे. नवं चित्र विणायचं नाही. रफू करून पूर्वीसारखं दाखवायचंही नाही. फक्त जे उरलंय त्याला आधार द्यायचा. १९९९ ते २०२३. खर्च सतरा लाख पौंड. काम सुरू करणाऱ्या काहीजणी शेवटचा पडदा चढायच्या आत निवृत्त झाल्या असणार, हे मी हिशेबाने सांगतेय, पण मला ते खरं वाटतं.

बेसचा नवरा जाण्याच्या आधीची आणखी एक गोष्ट मला याहून जवळची वाटली. खाली काचेच्या पेट्यांत आणि चौकटींत मोठे पडदे आहेत, त्यांवर प्राचीन काळच्या थोर स्त्रिया : पेनेलोपी, ल्युक्रेशिया, झेनोबिया, आर्टेमिशिया. पाचवी क्लिओपात्रा होती, ती उरली नाही. हे विणलेले नाहीत, कापडावर कापड लावून शिवलेले आहेत. आणि ते कापड कसलं? आठव्या हेन्रीने मठ बुडवल्यावर तिथल्या धर्मगुरूंचे जरीचे, मखमलीचे झगे बाजारात आले, ते बेसच्या नवऱ्यांनी मिळवले. बेसने ते कापून त्यांतून खांब, कमानी, झगे, बायकांचे चेहरे तयार केले. बारकाईने बघितलं तर एका कमानीत मूळ झग्यावरच्या नक्षीचा अर्धा भाग तसाच दिसतो. माझी आजी जुन्या लुगड्यांची वाकळ शिवायची, तेव्हा कुठल्या चौकोनात कुणाचं लुगडं आहे ते बोट ठेवून सांगायची. इथेही तसं बोट ठेवता आलं असतं, पण काच होती.

अर्लशी बिनसल्यावर या पडद्यांवरून दोघांत वाद झाला. तो म्हणाला, हे माझे. बेसने उत्तर दिलं की हे चॅट्सवर्थला माझ्या माणसांनी केले : माझे खिदमतगार, बायका आणि मी ठेवलेली काही मुलं, भरतकाम करणारा कारागीर एका वेळी एकापेक्षा जास्त मी कधीच ठेवला नव्हता. चारशे वर्षांपूर्वीच्या त्या भांडणामुळेच आज आपल्याला कळतं की ही सुई कुणाच्या हातात होती. त्या मुलांची नावं कुठेही नाहीत.

तिच्या निजायच्या खोलीबद्दल सांगते. १६०१ मध्ये बेसने घरातल्या सगळ्या सामानाची यादी करवून घेतली, आणि ते सामान इथेच राहावं असं मृत्युपत्रात लिहिलं. म्हणून हार्डविकमध्ये इतकं काही टिकलं. त्या यादीत तिच्या खोलीतल्या वस्तूंमध्ये घोंगड्यांचे, पांघरुणांचे ढीग आहेत, आणि त्यांतली काही खिडकीवर आणि दारावर टांगायला होती. काचेतून थंडी यायची. डर्बीशायरच्या टेकडीवर जानेवारीत, सत्तरी ओलांडलेली बाई. म्हणजे तिनेही आपली काच कापडाने झाकली होतीच.

१६०८ च्या फेब्रुवारीत ती गेली. त्यानंतर घराणं चॅट्सवर्थला राहिलं आणि हार्डविक मागे पडलं. मागे पडलं म्हणूनच कुणी ते नव्या फॅशनप्रमाणे बदललं नाही. याच कॅव्हेंडिश घराण्यातल्या नवव्या ड्यूकची विधवा एव्हलिन इथे शेवटपर्यंत राहिली आणि स्वतःच्या हाताने हे पडदे सांधत राहिली. दहावा ड्यूक १९५० मध्ये वारल्यावर मृत्युकरापोटी हे घर सरकारकडे आणि तिथून १९५९ मध्ये नॅशनल ट्रस्टकडे गेलं. एव्हलिन पुढच्या वर्षी वारली. तिच्या टाक्यांपैकी काही आता दुरुस्तीत काढावे लागले, काही ठेवलेत.

दुपारी शेजारचा जुना हॉल बघितला. नवं घर बांधण्याच्या आधी बेसने हाच वाढवायला घेतला होता. आज त्याला छत नाही. चौथ्या मजल्याच्या शेकोटीवर गिलाव्यातले दोन दैत्य भिंतीला चिकटून उभे आहेत, त्यांच्या पायाखाली जमीन नाही. तिथून नवं घर पूर्ण दिसतं. ऊन आलं आणि पश्चिमेची सगळी काच पेटली. लेकीने फोटो काढले. मला आतला अंधार आठवत होता.

दिवस तिसरा : केडल्स्टन

केडल्स्टनला जाताना माझ्या मनात एकच शब्द होता : वंगभंग. सातवी-आठवीच्या इतिहासात लॉर्ड कर्झन हे नाव त्या शब्दाशिवाय येत नाही. हे त्याच्या घराण्याचं घर आणि त्याचा जन्म १८५९ मध्ये इथेच झाला.

कर्झन घराणं इथे बाराव्या शतकापासून आहे. सध्याचं घर सर नॅथॅनियल कर्झनने १७५९ च्या सुमाराला बांधायला काढलं. आधी मॅथ्यू ब्रेटिंगहॅम, मग जेम्स पेन, शेवटी रॉबर्ट अ‍ॅडम, असे एकामागून एक तीन वास्तुकार. घरासमोर मोकळं कुरण आणि तळं हवं म्हणून जुनं गावच उठवून पलीकडे नेलं. गावाचं मध्ययुगीन चर्च मात्र हलवलं नाही, ते आज घराच्या कुशीला चिकटून एकटं उभं आहे.

हार्डविकनंतर मला हे घर थंड वाटलं, पण मार्बल हॉलमध्ये ते मत बदललं. वीस खांब, प्रत्येक पंचवीस फूट उंच, स्थानिक अलाबास्टरचे. हिरवट, तांबूस, दुधी नसांचा दगड. आधी ते गुळगुळीत उभे केले होते. १७७० नंतर, उभे असतानाच त्यांवर उभ्या खाचा कोरल्या. पाथरवटाचा एक चुकीचा ठोका आणि खांब गेला असता. भिंतींना खिडक्याच नाहीत, उजेड छतातून खाली येतो. त्याच्या मागे गोल सलून, वर ६२ फूट उंचीचा घुमट, रोमच्या पँथिऑनसारखा. आणि बागेच्या बाजूचा दर्शनी भाग रोममधल्या कॉन्स्टंटाइनच्या विजयकमानीसारखा.

चार कोपऱ्यांना चार उपगृहं बांधायची होती, दोनच झाली. पण तोच आराखडा समोर ठेवून १७९९ ते १८०३ मध्ये कलकत्त्यात गव्हर्न्मेंट हाउस उभं राहिलं आणि तिथे चारही पंख पूर्ण झाले. बांधकाम चार्ल्स वायटचं, हुकूम गव्हर्नर जनरल रिचर्ड वेलस्ली याचा. त्याच बांधकामाच्या वर्षांत, ३१ डिसेंबर १८०२ ला, दुसऱ्या बाजीरावाने वसईचा तह केला, तो याच वेलस्लीच्या कंपनी सरकारशी. शाळेत हे दोन धडे वेगवेगळे होते. इथे मार्बल हॉलमध्ये उभी असताना ते माझ्या डोक्यात पहिल्यांदा एकत्र आले. पुढे शंभर वर्षांनी केडल्स्टनमध्ये जन्मलेला माणूस व्हाइसरॉय होऊन केडल्स्टनच्याच त्या नमुन्यावर बांधलेल्या घरात राहायला गेला.

तळमजल्यावर त्याने पूर्वेकडून आणलेल्या वस्तूंचं दालन आहे. हस्तिदंत, चांदी, शस्त्रं, मानपत्रांच्या पेट्या. मला तिथे बरं वाटलं नाही. कुठली वस्तू भेट, कुठली विकत, कुठली कशी, असा प्रश्न प्रत्येक काचेपुढे मनात येत राहिला, आणि मी पटकन पुढे गेले.

पुढे तो झगा होता. मेरी कर्झनचा मोराचा झगा. ६ जानेवारी १९०३ ला दिल्ली दरबाराच्या निमित्ताने लाल किल्ल्यात जो नाच झाला, त्यासाठी शिवलेला. बेतला पॅरिसच्या वर्थ या नामांकित शिवणघराने, पण भरलेला दिल्लीतल्या जरदोजी कारागिरांनी. कापड दिल्लीहून पॅरिसला गेलं आणि शिवून परत हिंदुस्थानात आलं. अंगभर मोरपिसं सोनेरी-रुपेरी तारेची, एकावर एक चढलेली, आणि प्रत्येक पिसाच्या डोळ्यात हिरवं चमकणारं भुंग्याचं पंख शिवलेलं. वजन साडेचार किलोच्या आसपास. इथेही उजेड मंद. पण भुंग्याच्या पंखाचा रंग उन्हाने उडत नाही, कारण तो रंगद्रव्याचा नसतोच, पंखाच्या थरांवर उजेड फुटून तो दिसतो. त्यामुळे रेशीम फिकं होत गेलं तरी ते हिरवे ठिपके अजून जागे आहेत. कलाबतूचा टाका मी मुलींना शिकवायचे : जर वर ठेवायची, खालून बारीक धाग्याने धरायची, जर कापडातून ओवायची नाही. इथे दीड-दोन मिलिमीटरवर एक असा धरलेला टाका. मी काचेजवळ इतकी वाकले की रखवालदाराने खोकून सूचना दिली.

तो झगा घातला त्याच्या दोन वर्षांनी, १९०५ मध्ये, तिच्या नवऱ्याने बंगालची फाळणी केली, आणि त्याच वर्षी पुण्यात विदेशी कापडाची होळी पेटली. मी दोन्ही गोष्टी एका वाक्यात लिहितेय, पण त्या काचेपुढे त्या माझ्या मनात एका वाक्यात मावल्या नाहीत.

मेरी १९०६ मध्ये वारली. चर्चमध्ये कर्झनने तिच्यासाठी वेगळं दालन बांधवलं, दोघांच्या संगमरवरी मूर्ती शेजारी निजलेल्या आहेत. आणि याच माणसाने १९०४ चा प्राचीन स्मारकांचा कायदा आणला, जॉन मार्शलला पुरातत्त्व खात्याच्या प्रमुखपदी नेमलं, इंग्लंडला परतल्यावर टॅटरशॉलचा पडका किल्ला स्वतः विकत घेऊन दुरुस्त केला आणि मरताना नॅशनल ट्रस्टला देऊन टाकला. त्याच्याबद्दल मी शाळेत जे शिकले ते खोटं नव्हतं. हेही खोटं नाही.

निघताना एक चित्र बघितलं, ते बघायचं कुणी विसरू नये. मिसेस गार्नेट, अठराव्या शतकात इथली गृहव्यवस्थापिका, काळ्या-पांढऱ्या साध्या कपड्यांत, हातात घराच्या माहितीची पुस्तिका. पाहुण्यांना घर दाखवणं हे तिचं काम होतं. मालकांच्या रेशमी चित्रांमध्ये ही एकच बाई मला थेट बघताना दिसली.

दिवस चौथा : काल्क

काल्क अ‍ॅबीवर मी थोडंच लिहिणार, कारण मुख्य गोष्ट एकच आहे. घर १७०४ मध्ये पूर्ण झालेलं. हार्पर-क्रू घराणं पिढ्यानपिढ्या लोकांपासून दूर राहणारं, काही फेकून न देणारं. पेंढा भरलेले पक्षी, शिंगं, खेळणी, दगड, सगळं खोल्याखोल्यांत भरून दार लावून घेतलेलं. १९८१ मध्ये मालक वारला आणि कोट्यवधींच्या मृत्युकरामुळे १९८५ मध्ये घर नॅशनल ट्रस्टकडे आलं. ट्रस्टने गळणारं छत दुरुस्त केलं. सुटलेला रंग आणि लोंबणारा कागद मात्र तसाच ठेवला. एका खोलीत पलंगावर जुन्या खुर्च्यांचा ढीग आहे, जसा सापडला तसा. लेकीला हे घर सर्वांत जास्त आवडलं. मला त्या खोल्यांत दम लागल्यासारखं झालं.

पण एका पेटीत इथे एक पलंग सापडला. म्हणजे त्याचे पडदे, पलंगपोस, झालरी, सगळं घडी घालून. इंग्लंडचा राजा जॉर्ज दुसरा याची मुलगी ॲन हिचं लग्न १७३४ मध्ये झालं. तिची करवली लेडी कॅरोलाइन मॅनर्स काल्कच्या मालकाशी लग्न होऊन इथे आली, आणि हा पलंग त्या राजघराण्याकडून तिला मिळाला असं मानतात. चिनी रेशीम, चीनमध्येच भरलेलं. कुणी तो कधी उभाच केला नाही. अडीचशे वर्षं तो पेटीत होता.

आता तो काचेआड, अगदी कमी उजेडात, उभा आहे. आत शिरल्यावर पहिलं मिनिटभर मला काहीच दिसलं नाही. मग डोळे सरावले. निळा. एवढा निळा की मी लेकीचा हात धरला. त्यावर पक्षी, माणसं, झाडं, सोन्याच्या दोऱ्याने. झाडांच्या बुंध्यांच्या गाठी कशाने भरल्यात ते मला कळेना, म्हणून विचारलं. मोराच्या पिसांच्या पट्ट्या घट्ट वळून, त्या रेशमावर धरून शिवलेल्या.

“हार्डविकचे पडदे नवे होते तेव्हा असेच दिसत असतील का गं?” मी विचारलं.

लेक काही बोलली नाही. मागे अजून माणसं आत यायची थांबली होती, म्हणून आम्ही बाजूला सरलो, आणि मी आणखी एकदा वाकून त्या गाठींचे टाके मोजायला लागले.